भीती पिशवीची, धोका रस्त्याचा

अमेरिकेत आणि कॅनडात ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लहान मुले भुते, चेटकिणी, राजकन्या, अंतराळवीर अशी सोंगे घेऊन घराबाहेर पडतात, शेजारपाजारच्या दारांवरची बेल वाजवतात, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ असे ओरडतात आणि हातातली पिशवी पुढे करतात. दार उघडणारा त्या पिशवीत चॉकलेट किंवा गोळ्या टाकतो. हॅलोवीनच्या सणातला मुलांचा सगळ्यात लाडका भाग हाच. मुले परतली की असंख्य घरांत आणखी एक नेम पाळला जातो. आईवडील पिशवी टेबलावर रिकामी करतात आणि एकेक वेष्टन उलटसुलट करून बघतात. कागद फाटलेला आहे का, कुठे बारीक छिद्र दिसते का, आत टाचणी किंवा ब्लेड तर नाही ना, एखाद्या विकृत माणसाने विष तर मिसळले नसेल ना? या तपासणीमागची माया खरी आहे, पण तिचा रोख चुकला आहे. त्या संध्याकाळी मुलाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो रस्त्यावरच्या मोटारींचा, आणि टेबलावर पिशवी ओतली जाते तेव्हा तो धोका टळून गेलेला असतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांचा पुरावा नीट तपासला, तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी आपण आपले लक्ष कुठे खर्च करायचे याचे उत्तर स्पष्ट मिळते. ते उत्तर आपल्या सहजप्रेरणेच्या उलट आहे, म्हणूनच ते सविस्तर मांडायला हवे.

दारोदार खाऊ मागत फिरण्याची ही प्रथा आजच्या रूपात फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत उत्तर अमेरिकेतील हॅलोवीन खाऊपेक्षा खोड्यांसाठी जास्त ओळखला जाई. पोरे फाटके उचकटत, खिडक्यांच्या काचा फोडत, रस्त्यात अडथळे टाकत. महामंदीच्या काळात या दंग्याचे प्रमाण वाढले, तेव्हा गावोगावच्या मोठ्या माणसांनी मुलांना गुंतवून ठेवण्याचे मार्ग शोधले. मिरवणुका आल्या, मेजवान्या आल्या आणि दारावर आलेल्या मुलाच्या हातावर काहीतरी गोड ठेवण्याची पद्धत रुजत गेली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग झाल्यामुळे तिला खीळ बसली. युद्धानंतर शहरांभोवती नवी उपनगरे वसली, एकेका गल्लीत लहान मुलांची घरे ओळीने उभी राहिली आणि १९५०च्या दशकात ही प्रथा सर्वदूर पसरली. म्हणजे हा खेळ मुळात शेजाऱ्यांनी एकमेकांशी केलेला एक समजूतदार करार होता. मुलांनी नासधूस करायची नाही आणि मोठ्यांनी दार उघडायचे, असे त्याचे स्वरूप होते. पुढे ज्या भीतीने घर केले, तिचा पहिला आघात या परस्परविश्वासावरच झाला.

ही भीती १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७०च्या दशकात बळावली. १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये एका पाच वर्षांच्या मुलाचा हेरॉइन पोटात गेल्याने मृत्यू झाला आणि हॅलोवीनच्या खाऊतून ते गेले असे सुरुवातीला मानले गेले. तपासात कळले, की मुलाच्या हाती लागलेले हेरॉइन नातेवाइकाच्या घरातले होते आणि संशय दुसरीकडे वळावा म्हणून ते नंतर खाऊवर भुरभुरवले गेले होते. १९७४च्या हॅलोवीनला टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळ आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड मिसळलेली गोड पूड खाऊन मेला. ते विष त्याचा बाप रोनाल्ड ओब्रायन याने विम्याच्या पैशांसाठी दिले होते. गुन्हा अनोळखी माणसाच्या माथी जावा म्हणून त्याने तशीच पूड आपल्या मुलीला आणि आणखी तीन मुलांनाही दिली होती. सुदैवाने त्यांपैकी कोणी ती खाल्ली नाही. ओब्रायनला १९८४ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. त्याच्या कटातला सर्वांत बोलका भाग असा, की समाजात आधीच पसरलेली दंतकथा त्याने स्वतःच्या बचावासाठी वापरली. अनोळखी माणूस मुलांना विष देतो यावर सगळ्यांचा विश्वास होता, म्हणून आपल्यावर कोणी संशय घेणार नाही असे त्याला वाटले. यानंतर १९८२च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात दुकानातून घेतलेल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमधल्या सायनाइडने सात जण दगावले. गुन्हेगार सापडला नाही. महिन्याभरातच हॅलोवीन आला आणि देशभर भीतीची लाट उसळली. काही गावांनी मुलांच्या फेऱ्यांवर निर्बंध घातले, तर अनेक रुग्णालयांनी खाऊच्या पिशव्यांची क्ष-किरण तपासणी देऊ केली. क्ष-किरणांत धातूची टाचणी दिसते, पण विष दिसत नाही. तपासणी तशी अपुरीच होती, तरी पालकांना दिलासा मिळाला आणि त्याबरोबरच भीतीवर अधिकृत शिक्काही बसला.

समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी या भीतीचा माग काढायचे ठरवले. जेराल्ड होरिउची यांच्यासह १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी १९५८ ते १९८४ या काळातल्या मोठ्या वृत्तपत्रांतल्या बातम्या चाळल्या. त्यांना अशा ७६ घटनांचे उल्लेख मिळाले. त्यांतल्या पुष्कळ बातम्या खोट्या ठरल्या होत्या, काहींत मुलांनीच गंमत म्हणून किंवा लक्ष वेधण्यासाठी खाऊत टाचणी खुपसली होती आणि बहुतेकांमध्ये कुणालाही इजा झालेली नव्हती. मृत्यूच्या दोनच घटना होत्या, डेट्रॉइटची आणि टेक्ससची, आणि दोन्हींचा धागा मुलाच्या स्वतःच्या कुटुंबापर्यंत पोहोचत होता. बेस्ट यांनी हे टिपण त्यानंतरही दशकानुदशके चालू ठेवले. अनोळखी माणसाने दारावर आलेल्या मुलांना वाटलेल्या विषारी खाऊमुळे एखादे मूल मेल्याचे किंवा गंभीर जखमी झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना सापडले नाही. खाऊत टाचण्या खोचण्याचे तुरळक प्रकार घडले आहेत. २००० साली मिनिॲपोलिसमध्ये असा एक प्रकार झाला, त्यात एका मुलाला टाचणी टोचली, पण उपचारांची गरज पडली नाही. कोट्यवधी मुले दरवर्षी दारोदार फिरतात. इतक्या मोठ्या संख्येत, इतक्या वर्षांत आणि इतक्या सावध नजरांखाली ज्या गोष्टीचा ठोस पुरावा मिळत नाही, ती गोष्ट शक्य असली तरी आपल्या काळजीच्या यादीत तिला पहिला क्रमांक देता येत नाही.

अनोळखी माणसाची दुसरी भीती लैंगिक अत्याचाराची आहे. ती अधिक गंभीर असल्यामुळे तिचा विचारही तितक्याच गांभीर्याने करायला हवा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत लैंगिक गुन्ह्यांची नोंद असलेल्या व्यक्तींवर हॅलोवीनच्या संध्याकाळी खास बंधने घातली जातात. दिवे बंद ठेवावेत, दार उघडू नये, कुठे कुठे तर पोलिस ठाण्यात येऊन बसावे, असे हुकूम असतात. मार्क चॅफिन आणि जिल लेव्हेन्सन यांच्यासह चार संशोधकांनी २००९ मध्ये याची तपासणी केली. १९९७ ते २००५ या काळात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांवर कुटुंबाबाहेरच्या व्यक्तींनी केलेल्या सदुसष्ट हजारांहून अधिक गुन्ह्यांच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या. हॅलोवीनच्या आसपास अशा गुन्ह्यांत वाढ झाल्याचे आढळले नाही आणि बंधने लागू होण्यापूर्वी व नंतर दरात फरकही दिसला नाही. मुलांचे लैंगिक शोषण ही भयंकर वस्तुस्थिती आहे. पण ते बहुतांश वेळा ओळखीच्या माणसाकडून, ओळखीच्या जागेत, वर्षाच्या कोणत्याही दिवशी होते. एका संध्याकाळच्या पहाऱ्याने ते थांबत नाही. त्या संध्याकाळी अशा घरांवर पाळत ठेवण्यात गुंतलेला पोलिस चौकातल्या वाहतुकीवर लक्ष ठेवू शकत नाही, हीही त्या पहाऱ्याची किंमत आहे.

आता रस्त्याकडे वळू. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९९७ मध्ये १९७५ ते १९९६ या वर्षांचे आकडे तपासून दाखवले, की पाच ते चौदा वयोगटातल्या पादचारी मुलांच्या मृत्यूंची संख्या हॅलोवीनच्या संध्याकाळी इतर संध्याकाळांच्या चौपट असते. त्यानंतर कॅनडातले डॉक्टर जॉन स्टेपल्स, कँडेस यिप आणि डोनाल्ड रेडेलमायर यांनी याहून मोठा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये बालरोगशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात आला. १९७५ ते २०१६ अशी बेचाळीस वर्षे त्यांनी घेतली. प्रत्येक हॅलोवीनच्या संध्याकाळची तुलना आठवडाभर आधीच्या आणि आठवडाभर नंतरच्या संध्याकाळशी केली, म्हणजे वार, ऋतू आणि काळोख जवळपास सारखे राहिले. हॅलोवीनच्या ४२ संध्याकाळी मिळून ६०८ पादचारी मेले, तर तुलनेसाठी घेतलेल्या ८४ संध्याकाळी ८५१. म्हणजे धोका सुमारे ४३ टक्क्यांनी अधिक. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तो दहापट होता आणि सर्वाधिक वाढ संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसली. पिशवीतल्या विषाबद्दल आपल्याकडे अफवा आहेत. रस्त्याबद्दल मात्र मृत्यूंची वर्षवार नोंद आहे, वयोगट आहे आणि तासही ठरलेला आहे.

हे का घडते, ते समजले म्हणजे उपायही सुचतात. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूयॉर्क किंवा शिकागोत सूर्यास्त सहाच्या थोडा आधी होतो. नेमकी तीच वेळ मुले बाहेर पडण्याची आणि मोठी माणसे कामावरून गाडीने घरी परतण्याची असते. २००७ पासून अमेरिकेत घड्याळे मागे घेण्याची तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेली, त्यामुळे हॅलोवीनला उजेड पूर्वीपेक्षा तासभर जास्त मिळतो. तरी संधिप्रकाश आणि गर्दी यांची गाठ पडतेच. सहा-सात वर्षांच्या मुलाला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही. उभ्या गाड्यांच्या मधून ते बाहेर येते तेव्हा त्याची उंची त्या गाड्यांहून कमी असते, म्हणून चालकाला ते दिसत नाही आणि त्यालाही रस्ता दिसत नाही. त्यात उत्साह असतो, समोरच्या घराचा लुकलुकणारा दिवा खुणावत असतो, बरोबरची मुले पळत असतात. मुखवट्यामुळे डावीउजवीकडचे दिसणे कमी होते, लांब झगा पायात येतो आणि भुताचा किंवा वटवाघळाचा काळा पोशाख अंधारात विरून जातो. या सगळ्यांवर कडी करतो तो वाहनाचा वेग. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीनुसार ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर वेगाची गाडी धोका दिसल्यापासून १२ मीटरमध्ये थांबते. तोच वेग ३० मैल झाला, तर २३ मीटर लागतात. अमेरिकेतल्या एका विश्लेषणानुसार ताशी २३ मैलांच्या धडकेत पादचाऱ्याचा जीव जाण्याची शक्यता सरासरी १० टक्के असते, ३२ मैलांना २५ टक्के आणि ४२ मैलांना ५० टक्के. त्यामुळे मूल वाचेल की नाही हे पुष्कळ अंशी त्याच्या सावधपणाआधी गाडीच्या काट्यावर ठरते.

मग इतका ढळढळीत धोका सोडून आपण खाऊच्या पिशवीलाच का घाबरतो? माझ्या मते त्याचे कारण असे, की विषाच्या गोष्टीत एक खलनायक आहे आणि रस्त्याच्या गोष्टीत तो नाही. अंधाऱ्या घरात बसून मुलांसाठी सापळा रचणारा माणूस कल्पनेत सहज उभा राहतो, त्याच्यावर राग धरता येतो आणि त्याच्यापासून मुलाला वाचवल्याचे समाधानही मिळते. रस्त्यावरच्या मृत्यूत गुन्हेगार बहुधा तुमच्याआमच्यासारखाच असतो. घाईत असलेला, फोनकडे क्षणभर वळलेला, त्या दिवशी एखादा प्याला जास्त घेतलेला, किंवा नुसता कायदेशीर वेगात पण मुलांच्या गर्दीसाठी फार जोरात चाललेला. स्वतःलाच धोका मानणे कोणालाही अवघड जाते. शिवाय पिशवी तपासणे आपल्या हातात आहे, पण गल्लीतल्या वाहतुकीचा वेग एकट्या पालकाच्या हातात नाही. म्हणून जिथे काही करता येते तिथे आपण धोका पाहतो, आणि जिथे धोका आहे तिथे काही करता येणार नाही असे धरून चालतो. हे दुसरे गृहीतक चुकीचे आहे.

यावर एक आक्षेप येईल. पिशवी तपासण्यात नुकसान ते काय? पाच मिनिटांचे काम, फायदा झाला तर झाला. हा आक्षेप रास्त आहे आणि पिशवी तपासू नका असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती तपासावी, पण खऱ्या कारणांसाठी. पहिले कारण ॲलर्जी. अमेरिकेत साधारण तेरापैकी एका मुलाला कुठल्या ना कुठल्या अन्नाची ॲलर्जी असते. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध यांचा अंश असलेले एक चॉकलेट अशा मुलाचा श्वास काही मिनिटांत बंद करू शकते. सणासाठी बनवलेल्या छोट्या आकाराच्या चॉकलेटांवर घटकांची यादी अनेकदा नसते आणि कधी कधी त्यांचे घटक नेहमीच्या वडीहून वेगळे असतात. म्हणून यादी नसलेली वस्तू अशा मुलाला देऊ नये आणि एपिनेफ्रिनचे इंजेक्शन फेरीवरही बरोबर ठेवावे. अमेरिकेत काही घरे दाराशी निळसर हिरवा भोपळा ठेवतात. आमच्याकडे खाऊखेरीज पेन्सिली, स्टिकर अशा वस्तूही मिळतील, अशी ती खूण असते. अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या फेअर या संस्थेने २०१४ पासून ही खूण देशभर नेली. दुसरे कारण घशात अडकणे. टणक गोळ्या, दाणे, पॉपकॉर्न, चिकट टॉफी या वस्तू चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. चमकणाऱ्या खेळण्यांतली आणि पोशाखांतली बटणाएवढी बॅटरी याहून घातक. ती गिळली गेली, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तिचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे पाहावे आणि मुलाने ती गिळल्याचा संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे.

तिसरे कारण अलीकडचे आहे आणि त्यातून या लेखाचा मुद्दा पुन्हा सिद्ध होतो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत गांजा कायदेशीर झाल्यापासून गांजा घातलेली जेली आणि चॉकलेटे बाजारात आली, दिसायला अगदी मुलांच्या खाऊसारखी. सहा वर्षांखालच्या मुलांनी असा खाऊ खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, त्या २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. धोका खरा आणि वाढता आहे. पण यांतल्या बहुसंख्य घटना मुलाच्या स्वतःच्या घरात घडल्या होत्या. कुणीतरी मोठ्या माणसाने विकत आणून ओट्यावर किंवा खणात ठेवलेली वस्तू मुलाच्या हाती लागली होती. महागडा गांजा अनोळखी मुलांना फुकट वाटण्यात कोणाला रस असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. गांजाचा खाऊ कुलपात ठेवण्याचा साधा नियम पाळला, तर हॅलोवीनच्या तपासणीपेक्षा कितीतरी जास्त मुले वाचतील.

साखरेबद्दल थोडक्यात. खूप गोड खाल्ल्याने मुले चेकाळतात, हा समज सार्वत्रिक आहे. १९९५ मध्ये मार्क वोलरिच आणि सहकाऱ्यांनी २३ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. मुले चेकाळतात ती बहुधा जागरणाने, गर्दीने आणि आनंदाने. साखरेचे खरे नुकसान दातांना आणि दीर्घकाळच्या सवयींना होते. जागतिक आरोग्य संघटना एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्य तर ५ टक्क्यांहून कमी ऊर्जा अशा साखरेतून यावी असे सांगते. एका संध्याकाळी चार चॉकलेटे जास्त खाल्ल्याने मूल आजारी पडत नाही. पिशवी पुढे तीन आठवडे दिवसभर हाताशी राहिली आणि दर तासाला एक चिकट गोळी तोंडात विरघळत राहिली, तर मात्र दातांवरचा हल्ला थांबत नाही. म्हणून खाऊ जेवणाबरोबर द्यावा, त्यानंतर पाणी प्यायला लावावे, झोपण्यापूर्वी दात घासावेत आणि उरलेला खाऊ मुलाच्या संमतीने वाटून टाकावा. फेरीला निघण्यापूर्वी पोटभर जेवू घातले, तर वाटेत न तपासलेला खाऊ तोंडात टाकण्याची घाईही कमी होते.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त कठीण आहे. अमेरिकेतल्या एका हॅलोवीनला साधारण चार पादचारी मृत्यू नेहमीपेक्षा जास्त होतात, असा स्टेपल्स यांच्या अभ्यासाचा अर्थ निघतो. तीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात ही संख्या नगण्यच नाही का? एका भीतीला खोटे ठरवून दुसरी भीती पेरण्यात काय साधले? याचे उत्तर दोन भागांत आहे. एका विशिष्ट मुलाला त्या संध्याकाळी अपघात होण्याची शक्यता खरोखरच फार कमी आहे आणि कोणत्याही आईवडिलांनी धास्तीने मुलाला घरात कोंडू नये. पण हे जादा मृत्यू दोन-तीन तासांत, ठरावीक वेळी, ठरावीक वयात एकवटलेले आहेत, म्हणजे ते टाळता येण्याजोगे आहेत आणि त्यासाठी लागणारे उपाय स्वस्त आहेत. शिवाय हॅलोवीनची संध्याकाळ वर्षभर झाकून राहिलेली गोष्ट उघड करते. अमेरिकेतल्या रस्त्यांवर एरवी मुले चालताना फारशी दिसत नाहीत, त्यांना गाडीतून नेले जाते. ज्या दिवशी ती पायी बाहेर पडतात, त्या दिवशी हे रस्ते त्यांच्यासाठी बनवलेले नाहीत हे मृत्यूच्या नोंदीत उमटते. २००९ मध्ये त्या देशात पादचारी मृत्यू चार हजारांच्या आसपास होते, २०२२ मध्ये ते साडेसात हजारांवर गेले. गाड्या अधिक उंच आणि अवजड झाल्या, हेही त्यामागच्या कारणांपैकी एक मानले जाते. उंच बॉनेटच्या गाड्या पादचाऱ्यांसाठी जास्त प्राणघातक ठरतात, असे विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले. एका संध्याकाळसाठी केलेले उपाय म्हणूनच उरलेल्या दिवसांचेही धडे देतात.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. रस्ता धोक्याचा असेल तर मुलांना दारोदार पाठवायचेच कशाला? अलीकडे चर्चच्या किंवा शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून खाऊ वाटतात, मॉलमध्येही कार्यक्रम होतात, मग तेवढ्यावर भागवावे. दारोदार फिरणे ज्यांना शक्य नाही, ज्यांची घरे दूर दूर आहेत किंवा ज्यांच्या गल्लीला पदपथच नाही, त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे. मात्र तिला सर्वांसाठीचा नियम करणे मला मान्य नाही. मूल वर्षातून एकदा स्वतःच्या पायांनी आपली वस्ती पाहते, शेजाऱ्यांची नावे शिकते, एरवी न उघडणाऱ्या दारांपाशी नमस्काराची देवघेव होते. ज्या वस्तीत माणसे एकमेकांना ओळखतात, ती मुलांसाठी जास्त सुरक्षित असते. धोका गाड्यांमुळे येत असेल, तर मुलांना हटवण्याआधी गाड्यांना हटवून पाहावे. न्यूयॉर्कने २०२२ पासून हॅलोवीनच्या संध्याकाळी शहरातले काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली. सिॲटलमध्ये रहिवाशांना आपली गल्ली काही तासांसाठी बंद करण्याची परवानगी मिळते. आडवा लाकडी अडथळा आणि दोन-तीन स्वयंसेवक एवढ्यावर जे साधते, ते हजार पिशव्यांच्या तपासणीने साधत नाही.

म्हणून कामाची वाटणी अशी व्हावी असे मला वाटते. सर्वांत मोठा वाटा गाडी चालवणाऱ्यांचा. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी पाच ते नऊ वस्तीतून जाणे शक्यतो टाळावे. जावेच लागले तर ताशी वीस मैलांच्या आत, फोन बाजूला ठेवून, आणि उभ्या गाड्यांच्या प्रत्येक फटीतून मूल येईल असे धरून जावे. दारू प्यायलेल्या माणसाने त्या रात्री किल्लीला हातच लावू नये. दुसरा वाटा नगरपालिकेचा: रस्ते बंद करणे, चौकांत माणसे उभी करणे, वेग कमी करणाऱ्या कायमच्या सुधारणा करणे. तिसरा पालकांचा. बारा वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठे माणूस असावे. फेरीचा मार्ग आधी आखावा, एका बाजूची सगळी घरे करून मगच चौकातून रस्ता ओलांडावा, सारखे इकडून तिकडे जाऊ नये. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा आणि रंग आदल्या दिवशी हातावर लावून त्वचेला सोसतो का ते पाहावे. पोशाख घोट्यापर्यंतच असावा, आग सहज न पकडणाऱ्या कापडाचा असावा, आणि त्याच्या पाठीवर व पिशवीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी चिकटवावी. ही पट्टी गाडीच्या दिव्यांचा प्रकाश सरळ चालकाकडे परत पाठवते, त्यामुळे काळ्या पोशाखातले मूलही बऱ्याच लांबून दिसते. सजावटीच्या रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मुलांच्या डोळ्यांत घालू नयेत. बुबुळावर ओरखडे आणि जंतुसंसर्ग होऊन दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणूनच अमेरिकेत त्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे. चौथा वाटा दार उघडणाऱ्या घराचा. पायऱ्यांवर उजेड हवा, अंगणातल्या वायरी बाजूला हव्यात, कुत्रा बांधलेला हवा, भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा हवा. भोपळा कोरण्याचे काम मोठ्यांनी करावे, मुलांनी त्यावर चित्र काढावे. सणाच्या दिवसांत होणाऱ्या दुखापतींत सुरीने हात कापण्याचा वाटा मोठा असतो.

अमेरिकेत आणि कॅनडात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी हा सण आता त्यांचाही झाला आहे. दिवाळी आणि हॅलोवीन बहुधा काही आठवड्यांच्या अंतराने येतात. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. ज्या पालकांचे स्वतःचे बालपण भारतात गेले, त्यांना अनोळखी दारावर मुलाला पाठवणे साहजिकच अवघड वाटते आणि विषाच्या गोष्टी पटकन खऱ्या वाटतात. त्यांनी आपली सावधगिरी सोडू नये, तिचा मोहरा फक्त बदलावा. दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाने घटकांची यादी वाचायला शिकावे, लहानग्याचा हात रस्ता ओलांडताना सुटू नये आणि दाराशी उभ्या आजीआजोबांनीही पट्टी लावलेले जाकीट घालावे. अंधारात न दिसण्याचा धोका वृद्धांनाही असतो. पुण्या-मुंबईच्या काही गृहसंकुलांत मुले आता हॅलोवीनला घरोघरी फिरतात. तिथे चौकीदार आणि फाटक असल्यामुळे अनोळखी माणसाची चिंता वाटत नाही, पण संकुलातला अंतर्गत रस्ता आणि तळघरातून वर येणाऱ्या गाड्या मात्र तिथेही असतात. त्या दोन तासांसाठी गाड्यांची ये-जा थांबवण्याचा ठराव सोसायटीच्या बैठकीत सहज होऊ शकतो.

काळजी ही मर्यादित पुंजी आहे. एका गोष्टीवर खर्च केलेले लक्ष दुसरीकडून काढून घेतलेले असते. शेजाऱ्यावर संशय घेण्यात ती पुंजी खर्च झाली, तर मुलांच्या हाती दोन तोटे येतात. खरा धोका तसाच राहतो आणि ज्या शेजारामुळे वस्ती सुरक्षित होते, त्यावरचा विश्वासही झिजतो. पुरावा सांगतो, की दार उघडणारा माणूस जवळजवळ नेहमीच मुलांचे भले चिंतणारा असतो आणि रस्ता मात्र आपण बदलल्याशिवाय त्यांच्यासाठी सुरक्षित होत नाही. शेजाऱ्यांनी मुलांना खाऊ देऊन एकेकाळी गावांतला दंगा थांबवला होता. आज त्याच शेजाऱ्यांनी एकत्र येऊन काही तासांसाठी गाड्या थांबवाव्यात आणि जिथे ते यशस्वी ठरेल तिथे वर्षभरासाठी वेग कमी करून घ्यावा. मुलांची सुरक्षितता एकेका घराच्या टेबलावर मिळत नाही, ती सगळ्या गल्लीने मिळून घडवायची असते.